आईंसाठी लिहिलेलं कलम

लग्नाला चार वर्षं झाल्यावर, २०१४ साली, माझी बदली गंजाडजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत झाली आणि मी पहिल्यांदाच सासरी सलग राहायला लागले. त्याआधी मी तलासरी तालुक्यातल्या शाळेवर होते. माहेरी उधव्याला राहून शाळा करायची आणि शनिवारी गंजाडला जायचं, असं चाललं होतं. नवरा वापीला एका कंपनीत पॅकिंगला होता. तिथेच त्याने खोली घेतलेली. तोही शनिवारीच यायचा. बदली झाली तेव्हा मला वाटलं, आता हाही रोज घरी यायचं मनावर घेईल. त्याच्या कंपनीतले कितीतरी लोक डहाणूहून रोज ये-जा करत. त्याने ते मनावर घेतलं नाही, आणि मीही फार खोदून विचारलं नाही.

मूल झालं नव्हतं. दोघांच्या तपासण्या झाल्या, दोघांतही दोष निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, थांबा. आम्ही थांबलो होतो.

घरात मी आणि सासूबाई. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते. मोठी नणंद सुरतला दिलेली, ती आलीच तर मुलींना तिकडेच ठेवून एकटी यायची. सासूबाईंना मी आईच म्हणायचे. त्या उंच होत्या, भराभर चालायच्या, बांधावरून जाताना मला त्यांच्या मागे पळावं लागायचं. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या. पण रोज संध्याकाळी मी घरी आले की चुलीजवळ बसून विचारायच्या, आज काय शिकवलंस? मला आधी वाटायचं, विचारायचं म्हणून विचारतायत. मग एकदा मी पहिलीची एक कविता दुसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, ही मंगळवारी झाली. तेव्हापासून मी त्यांना नीट सांगायला लागले. कोणी रडलं, कोणाला हातचा घ्यायला आला, कोण चार दिवस शाळेत आलं नाही. जी मुलं शाळेत येत नव्हती त्यांच्या घरी आई दुसऱ्या दिवशी जाऊन यायच्या. मला न सांगता.

२०१५च्या दिवाळीआधी, भात झोडायचं काम चालू असताना, त्या खळ्यावर कोसळल्या. डहाणूला दवाखान्यात नेलं, तिथून पुढे नेलं. तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि वाचा बंद होती. समज आहे, डॉक्टर म्हणाले, शब्द सापडत नाहीत. महिनाभराने त्यांना एक शब्द सापडला. भात. खळ्यावर तोंडात असेल तोच राहिला असावा. मग त्या सगळ्यालाच भात म्हणायला लागल्या. पाणी हवं, कूस बदलायची, दार लावायचं, कोंबड्या आत आल्या, लघवीला लागली, सगळं भात. सुरुवातीला त्यांना इतका राग यायचा की डाव्या हाताने पातेलं लोटून द्यायच्या. हळूहळू मला फरक कळायला लागला. आखूड म्हटलं की पाणी. ओढून म्हटलं की पाठ दुखतेय. दोनदा म्हटलं की कोणीतरी आलंय. शाळेच्या वेळेत शेजारच्या काकू येऊन बसायच्या, त्यांनाही थोडं थोडं जमायला लागलं. नवऱ्याला ते जमत नव्हतं. तो आठवड्यातून दीड दिवस घरी असायचा, त्याला कुठून जमणार? तो आईच्या पायाला तेल लावत बसायचा आणि त्या काही बोलल्या की माझ्याकडे बघायचा.

२०१७ साली एका रविवारी ओटीवर बसून त्याने मला सांगितलं. वापीला त्याच्याच कंपनीत एक जण आहे. दोन वर्षं झाली. तिच्याशी लग्न करायचं आहे. तो खाली बघून बोलत होता आणि आवाज चढवत नव्हता. शेवटी म्हणाला, "तुझं काही चुकलेलं नाही."

तेवढं तरी त्याने म्हणायला नको होतं, असं मला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. भांडायला काहीतरी लागतं. त्याने माझ्या हातात काहीच ठेवलं नाही. मी उठून आईंना जेवण भरवायला आत गेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांनी एकही शब्द काढला नाही आणि जेवल्याही नाहीत.

माझा मोठा भाऊ अच्छाडला हायवेवर टायरचं दुकान चालवतो. दिवसभर ट्रकवाल्यांशी बोलून त्याचा आवाज मुळातच मोठा झालाय. त्याला कळलं तसा तो मोटारसायकलवरून गंजाडला आला आणि मला म्हणाला की याला कोर्टात उभा करायचा, सोडायचा नाही. पुढच्या आठवड्यात तो मला एका वकिलाकडे घेऊन गेला. वकिलाने सगळं ऐकून घेतलं, कागदावर टिपलं आणि विचारलं की सासू कशी आहे. मी सांगितलं, अंथरुणाला आहेत. बोलता येत नाही. वकील म्हणाला, तरी त्यांचं नाव घालावं लागेल. नुसतं नवऱ्याचं नाव घातलं तर तक्रारीला वजन येत नाही. छळ म्हटला की घरच्यांची नावं येतात, तशी पद्धतच आहे.

मी म्हटलं, त्यांनी मला काही केलेलं नाही.

तो म्हणाला, "बाई, हे फक्त कागदावर असतं."

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, बघ बाय, हे असंच असतं, आपण केस नाही केली तर तुझा नवरा करेल. मी त्याला सांगितलं की मी हे करणार नाही. तो माझ्यावर चिडला. त्याचं चिडणं माझ्यासाठीच होतं, ते मला कळत होतं.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने मला डहाणूतल्या एका वकीलबाईंचं नाव सांगितलं. पन्नाशीच्या पुढच्या होत्या. त्या खटले चालवणं कमी करून नवराबायकोंमध्ये मध्यस्थी करायच्या. स्टेशनजवळ एका चिकूच्या व्यापाऱ्याच्या वखारीवर पहिल्या मजल्यावर त्यांची खोली होती. खाली खोक्यांत चिकू भरणं चालायचं, त्यांचा पिकलेला वास जिन्यापर्यंत यायचा. मॅडमनी मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. घटस्फोट कोर्टच देतं, त्याला पर्याय नाही. पण भांडण तिथे न्यायचं की नाही ते तुमच्या हातात आहे. इथे बसून जे ठरेल ते लिहू, दोघांनी मिळून अर्ज करा, सहा महिन्यांनी पुन्हा जा, सुटाल. इथे बोललेलं कोर्टात जात नाही. आणि दोघांपैकी एकजण उठून गेला तर मी त्याला धरून ठेवू शकत नाही.

शेवटच्या वाक्याकडे मी तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही. मला तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

नवरा आला. मला वाटलं होतं येणार नाही, पण पहिल्या बैठकीला माझ्याआधी येऊन जिन्यात उभा होता. आम्ही एकमेकांशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. मॅडमनी सांगितलं की एकाने बोलायचं तेव्हा दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. आमच्याबाबतीत तो नियम लागलाच नाही. शेवटी मॅडमच बोलत राहिल्या. माझे दागिने माझ्याकडेच होते. पोटगी मला नको होती, माझा पगार होता. गंजाडचं घर आणि जमीन आईंच्या नावावर. वाटायला असं काही नव्हतंच. मॅडम म्हणाल्या, इतकं लवकर मिटणारं प्रकरण माझ्याकडे क्वचित येतं.

दुसऱ्या बैठकीत त्यांनी आम्हाला वेगवेगळं बसवलं. मला विचारलं, "बाई, तुम्हाला काय हवंय? त्याला काय हवंय ते सोडा."

मी म्हटलं की मला आईंजवळ राहायचं आहे. गंजाडच्या घरात, जसं चाललंय तसं. त्याने वापीला लग्न करावं, माझी हरकत नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी हळू आवाजात मला समजावलं की कायद्याने सुनेचं सासूशी नातं नवऱ्यामार्फत असतं. ते सुटलं की तुमचा हक्क राहत नाही आणि तुमच्यावर जबाबदारीही राहत नाही. पण तो कबूल असेल तर आपण लिहू शकतो. विचारून बघू.

तिसऱ्या बैठकीत त्यांनी विचारलं. नवऱ्याने ऐकलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"कोणत्या नात्याने राहशील?" तो म्हणाला.

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी शोधलं. सून म्हणावं तर ती मी राहणार नव्हते. नर्स म्हणावं तर पगार कोणाचा? मैत्रीण म्हटलं असतं तर गावात हसले असते. मी म्हटलं, "आईंचं मला कळतं. तुम्हाला नाही कळत."

तो म्हणाला की लोक काय म्हणतील, बायकोला टाकलं आणि आईला तिच्याच गळ्यात बांधलं. तो मुलगा आहे. आईला तो वापीला नेणार. जिच्याशी लग्न करायचंय तीही तयार आहे. तो हट्टाने बोलत नव्हता. माझ्याइतकाच तोही बरोबर होता, आणि ते मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळत होतं.

मॅडम म्हणाल्या, तुम्ही दोघं आईंबद्दल बोलताय. त्यांना कोणी विचारलंय का?

म्हणून चौथ्या बैठकीला आम्ही आईंना आणलं. नवऱ्याने मित्राची इको गाडी आणली होती. मागच्या सीटवर उशा लावून आईंना बसवलं, मी त्यांना धरून बसले. डहाणूत पोचल्यावर कळलं की जिना अरुंद आहे, त्यांना वर नेता येणार नाही. मॅडमच खाली उतरून आल्या. गाडीत माझ्या जागी बसल्या, मी बाहेर दाराशी उभी राहिले. नवरा पलीकडच्या दाराशी. खाली चिकू भरणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या.

मॅडमनी आईंचा डावा हात हातात घेतला. सावकाश, सोप्या शब्दांत सांगितलं की हे दोघं वेगळे होतायत. तुम्हाला कोणाजवळ राहायचंय? मुलाजवळ असेल तर त्याच्याकडे बघा, सुनेजवळ असेल तर तिच्याकडे बघा. घाई नाही.

आईंनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. डोळे चुरचुरल्यासारखे मिटले आणि म्हणाल्या, "भात."

मॅडमनी मान वर करून मला विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

नवराही माझ्याकडेच बघत होता. तिथे उभ्या असलेल्या माणसांत त्या शब्दाचा अर्थ लावणारी मी एकटीच होते. मी काहीही सांगितलं असतं तर ते खरं ठरलं असतं. सुनेजवळ राहायचं म्हणतायत, एवढंच म्हणायचं होतं. नवऱ्याने ते मानलं असतं, मला खात्री आहे. तो आईच्या शब्दाबाहेर गेला नसता. मी तोंड उघडलंही होतं.

"त्यांना ऊन लागतंय," मी म्हटलं. "गाडी सावलीत घ्या."

नवरा पुढे जाऊन बसला आणि गाडी झाडाखाली घेतली. आईंचा चेहरा सैल झाला. मॅडमनी पुन्हा विचारून बघितलं, पण आईंनी डोळे मिटून घेतले होते. त्या झोपल्या होत्या की नुसत्या मिटून होत्या, मला सांगता आलं नाही. मॅडमनीही मग जोर केला नाही.

शेवटी ठरलं ते असं. आई मुलाकडे वापीला राहतील. मी दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी त्यांना भेटायला जाईन, दिवसभर थांबेन, नवरा अडवणार नाही. मॅडमनी ते वेगळं कलम म्हणून लिहिलं. लिहिताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या की मुलांच्या भेटीचं कलम असतं तसं मी हे लिहिलंय, पण मुलांच्या बाबतीत कोर्ट मागे उभं राहतं. हे तुमच्या आणि त्याच्या शब्दावर आहे. मी म्हटलं, चालेल. मी दुसरं काय म्हणणार होते?

२०१८च्या सुरुवातीला कोर्टात पहिली तारीख झाली, सहा महिन्यांनी दुसरी. न्यायाधीशांनी विचारलं, कोणाचा दबाव आहे का? दोघांनीही नाही म्हटलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. आईंच्या कलमावर त्यांची नजर थोडी थांबली, मग पान उलटलं.

दुसऱ्या तारखेनंतरच्या रविवारी त्याने आईंना नेलं. मी त्यांची लुगडी, औषधं, गरम पाण्याची पिशवी बांधून दिली. कोणता भात म्हणजे काय ते एका वहीत लिहून दिलं. त्याने वही उघडून तिथेच दोन पानं वाचली आणि विचारलं, हे आखूड आणि ओढून, म्हणजे किती ओढून? मी त्याला म्हणून दाखवलं. तो माझ्यामागून म्हणायला लागला. ओटीवर आम्ही दोघं भात, भाऽत करत उभे होतो आणि गाडीत बसलेल्या आई आमच्याकडे बघत होत्या. आमच्या आठ वर्षांच्या लग्नात आम्ही एकत्र बसून शिकलेली ती एकच गोष्ट असावी.

मी बदली मागून उधव्याला परत गेले. रविवारी सकाळी जीपने तलासरी, तिथून अच्छाड, तिथून वापी. भावाच्या दुकानावरून जावं लागायचं. तो चहा मागवायचा आणि वापीच्या गाडीत बसवून द्यायचा.

त्याची नवी बायको गुजराती बोलणारी, माझ्याहून लहान. मी गेले की दार उघडून बाजूला व्हायची, पाणी द्यायची आणि दिवसभर आतल्या खोलीत राहायची. तिचा राग यावा म्हणून मी बराच प्रयत्न केला. घर स्वच्छ होतं, आईंच्या पाठीला जखम झालेली नव्हती. पहिल्या दोन भेटींत आई मला बघून रडल्या. मी शाळेतलं सांगत बसायची. निघताना त्या माझ्या पदराचं टोक डाव्या मुठीत धरायच्या आणि मला एकेक बोट सोडवावं लागायचं. मी येऊन गेले की आई दोन दोन दिवस जेवत नाहीत, असं नवऱ्याने मला फोनवर सांगितलं. तक्रार म्हणून नाही. काय करू, असं विचारत होता. मी पुढचा एक रविवार गाळला.

पाचव्या की सहाव्या भेटीला गेले तर दाराला कुलूप. गुजराती शेजारणीने सांगितलं की बा तर सुरतला गेल्या, मुलीकडे, झाले दहा दिवस. मी जिन्यातूनच त्याला फोन लावला. तो म्हणाला, सांगणारच होतो. बायकोला दिवस गेलेत, तिला उचलणं वगैरे जमत नाही, ताई स्वतःहून घेऊन गेली. मग म्हणाला, "आता तू नको येत जाऊस. तिकडे ताईच्या घरी बरं दिसत नाही."

मी म्हटलं, आपण लिहिलंय. तो म्हणाला, लिहिलंय ते माझ्या घरचं लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून मी डहाणूला मॅडमकडे गेले. त्यांनी कागद काढून वाचला. कोर्टात जायचं म्हटलं तर जाता येईल, त्या म्हणाल्या, पण या कलमासाठी कोर्ट कोणाला पकडून आणणार नाही, आणि तुम्ही कोर्टात जायचं नाही म्हणून तर इथे आला होतात. मी म्हटलं, मग पुन्हा बसू आपण. त्यांनी माझ्यादेखत त्याला फोन लावला. पहिल्यांदा वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा त्याने उचलला, कामावर आहे म्हणाला, नंतर करतो म्हणाला. त्याने केला नाही. मॅडमनी पुढच्या महिन्याभरात तीनदा प्रयत्न केला आणि मग मला सांगितलं की समोरचा माणूस खुर्चीवर येऊन बसला तरच मला काही करता येतं. त्यांचा चेहरा उतरला होता. मला त्यांचीच समजूत घालावीशी वाटली.

भावाला कळलं तेव्हा तो म्हणेल असं वाटलं होतं ते म्हणाला नाही. एवढंच म्हणाला की जायचं असेल तर मी सुरतला घेऊन जातो. मी वर्षभर हो-नाही करत राहिले. नणंद माझ्याहून मोठी, लग्नात माझ्याशी प्रेमाने वागलेली. तिला फोन करायलाच मला आठ महिने लागले. ती म्हणाली, ये ना, त्यात विचारायचं काय?

२०१९च्या दिवाळीच्या सुट्टीत मी एकटीच गेले. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दोन मुली शाळेत जाणाऱ्या. आई खुर्चीत बसल्या होत्या. बसल्या होत्या, आधाराशिवाय. अंगाने भरल्या होत्या. नणंद रोज सकाळी त्यांना भिंत धरून उभं करायची, ते मला गंजाडला कधी जमलं नव्हतं, शाळेची घाई असायची. त्यांना आता आणखी तीन-चार शब्द आले होते. त्यांतले दोन गुजराती. धाकटी नात त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसून त्यांच्याशी बोलत होती, मध्येच त्या काहीतरी म्हणाल्या, मला कळलं नाही, आणि ती पोर उठून खिडकी लावून आली.

मी पुढे होऊन पाया पडले. आई माझ्याकडे बघून हसल्या. ओळखलं होतं, पण रडल्या नाहीत. मी शेजारी बसले आणि शाळेतलं सांगायला लागले. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, मग त्यांचं लक्ष नातीकडे गेलं.

नणंदेने जेवूनच जा म्हटलं. जेवताना ती मला म्हणाली, इथे आईला बरं आहे, तू काळजी करू नकोस. मी म्हटलं, दिसतंय ताई. ते खरंच होतं. मला आनंदही झाला होता. फक्त तो आनंद घेऊन काय करायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी आणखी एक पोळी घेतली.

निघताना मी पदर सावरून आईंजवळ उभी राहिले. त्यांनी डाव्या हाताने माझ्या हातावर थोपटलं, पाहुण्याला निरोप देतात तसं. मोठी नात मला रिक्षा मिळेपर्यंत खाली येऊन उभी राहिली. तिने विचारलं की तुम्ही आमच्या कोण लागता. मी म्हटलं, तुझ्या आजीच्या गावची. तेवढ्यात रिक्षा आली.